गेटवे रीस्टार्ट केला आणि वरच्या घरातलं बोलणं तुटलं

मंडळी, आज कशातच मन लागत नाहीये, म्हणून इथं लिहितोय.

आम्ही वरोऱ्याला राहतो. माझ्या ब्रॉडबँडची वायर मी खिडकीतून वरच्या मजल्यावर शबानाभाभींकडे नेली आहे. माझा जुना कॉम्प्युटर गेटवे म्हणून, म्हणजे नेट पुढे पाठवायला, चालू असला, तरच त्यांचं नेट चालतं. त्यांचा मुलगा सलीम सौदीत वेल्डर आहे. शुक्रवारी सुट्टी असली की तो तिथल्या सायबर कॅफेतून आईशी व्हॉइस चॅटवर बोलतो.

आज सकाळी नेट फार हळू चालत होतं. मी वर न विचारताच गेटवेची सेटिंग बदलली आणि मशीन रीस्टार्ट केली.

भाभी धावतच खाली आल्या. "भाऊ, आवाज काऊन बंद झाला? पोरगा रडून राह्यला होता! 'अम्मी, मुझे यहाँ नहीं रहना,' म्हणे, आन् मंग काहीच ऐकू नाई आलं."

मी लगेच मशीनसमोर बसलो. नवी सेटिंग चुकली होती. ती दुरुस्त करेपर्यंत सलीम ऑफलाइन झाला होता.

संध्याकाळी तो पुन्हा ऑनलाइन आला. मी भाभींच्या शेजारीच बसलो होतो. आता तो चक्क हसत होता. "कुछ नहीं अम्मी, वो तो ऐसेच बोला. सब ठीक है." भाभींनी चारचारदा विचारलं, पण सकाळचं त्यानं काही सांगितलं नाही.

भाभी मला म्हणाल्या, "भाऊ, खरं सकाळी बोलला का आता?"

म्हणूनच तुम्हाला विचारतोय. ज्यांची लेकरं दूर आहेत त्यांनी सांगा, सलीमला पुन्हा बोलतं कसं करायचं?