बर्फाचा एक खडा

काल संध्याकाळी नव्या सूनबाईंनी ह्यांची वाइन सरळ पातेल्यात ओतली. आमच्या नाशिकच्या मळ्यातल्या द्राक्षांची, ह्यांनी स्वतः केलेली, तळघरात जिवापाड जपलेली. पातेल्यात संत्र्याच्या फोडी होत्या. लाल रंग त्यांच्यातून वाट काढत सावकाश वर चढला. मग साखर, लिंबू, भरपूर बर्फ आणि वरून फसफसता सोडा. "बाबा, याला सँग्रिया म्हणतात," ती म्हणाली.

मी धास्तावून ह्यांच्याकडे पाहिलं. संसारभर मी ह्यांचे नियम ऐकत आलेय. ग्लास दांडीला धरायचा, आधी वास घ्यायचा, वाइनमध्ये काही म्हणजे काही मिसळायचं नाही. ह्यांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "झकास. साखर अजून थोडी चालेल."

माझ्या आत त्या सोड्यासारखंच फसफसायला लागलं. माणसाचं तत्त्व इतक्या पटकन विरघळतं? की ते तत्त्व नसतंच मुळी, घरातल्या एकाच माणसासाठी राखून ठेवलेला कडकपणा असतो? नव्या माणसाला आपण आवडावं असं वाटत असतं. जुनं माणूस काय, कुठे जाणार आहे.

बाटलीच्या तळाशी थोडी वाइन उरली होती. ती मी माझ्या ग्लासात घेतली आणि उकडत होतं म्हणून बर्फाचा एक खडा टाकला.

ह्यांची मान लगेच वळली. हातात सँग्रियाचा दुसरा ग्लास होता.

"अगं, बर्फ काय घालतेस? सगळी चव घालवलीस."