कडूबाई आणि घरगाडीची शिंगं

कडूबाईचं नाव पहिल्यांदा ऐकणारा माणूस हसतो. हसू दाबणारे थोडे, आणि तेही तोंड फिरवून हसतातच. तिला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट कुणी हसलं की तिला बोलायला निमित्त मिळायचं.

"माझ्याआधी आईची दोन लेकरं गेली," ती सुरू करायची. "मंग मी झाले. काळाची नजर लागू नये म्हणून आईनं मला सुपात घातलं आन् उकिरड्यावर नेऊन ठिवलं. आत्यानं उचललं. आईनं आत्याला पसाभर कोंडा दिला, मला इकत घेतलं, आन् नाव ठिवलं कडू. कडू चीज कोण चोरून नेतंय? काळबी नाय नेत."

कोंड्याचं सांगताना ती दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवायची. साठी उलटली होती, गुडघे गेले होते, अंगावर फुटका मणी नव्हता. आई आपल्याला एवढी जपत होती, हाच काय तो तिचा दागिना, आणि तो ती येईल त्याला दाखवत सुटायची.

बाकी दाखवण्यासारखं काही नव्हतंच. मूल होईना म्हणून नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला गोठ्यात झोपायला लावलं. तिथून निघाली ती बजाजनगरला कामगारांच्या खानावळीत पोळ्या लाटायला लागली. उभं राहवेना तेव्हा खानावळवाल्यानं हात वर केले. शेवटी हर्सूलला तुरुंगाच्या पुढं एका भिंत घातलेल्या प्लॉटवर तिला राखणीचं काम मिळालं. प्लॉट अभयशेठचा. तिथं दुसऱ्यांच्या ट्रॅव्हल्सच्या गाड्या भाड्यानं उभ्या राहायच्या, आणि फाटकाला लागून एक पत्र्याची खोली होती. उन्हाळ्यात आत भट्टी, हिवाळ्यात बर्फ. पण तिच्या दाराला आतून कडी होती. आयुष्यात पहिल्यांदा कडूबाई आतून कडी लावून झोपत होती. त्या कडीसाठी ती काय वाटेल ते करायला तयार होती, आणि हे अभयशेठला पक्कं ठाऊक होतं.

मग शेठनं घरगाडी घेतली. गाडीतच पलंग, गाडीतच शेगडी, गाडीतच मोरी. मोठ्या शहरांतले लोक ती भाड्यानं घेऊन वेरूळकडं जायचे. गाडीच्या मागं दोन सायकली अडकवायची चकचकीत रॅक होती. तिचे दोन दांडे मागं असे निघालेले की कडूबाई तिला शिंगंच म्हणायची. सायकली काढून गाडीत ठेवता यायच्या, शिंगं मात्र बाहेरच राहायची. शेठच्या बंगल्यापुढून एकदा ती रॅक चोरीला गेली. दुसरी आणली, ती गॅरेजवरून गेली. कुलूप लावलेलंच होतं. चोरांनी कुलूपही कापून सोबत नेलं.

तिसरी बसवून शेठनं गाडी प्लॉटवर आणून लावली आणि कडूबाईला हाक मारली. तिला लेक असता तर त्याच्या वयाचा माणूस, पण तिला अगंतुगं करायचा.

"कडू, ही दिसते ना? ही गेली की तू पण गेली. सामान बांधायला पण वेळ देणार नाही, सांगून ठेवतो."

"मी हाय ना, साहेब. जागची हालनार नाय."

"तू हललीस काय, न हललीस काय. तुला ढकललं तर पडशील. रॅक राहिली पाहिजे, कशी राहील ते तू बघ."

कडूबाईचा जीव टांगणीला लागला. डोळ्यांत तेल घालून राखायचं तर डोळ्यांना दिसायला हवं, आणि तिला संध्याकाळनंतर फाटकही नीट दिसत नव्हतं. तिनं प्लॉटवर घुटमळणारं कुत्रं शिंगांना बांधलं. सकाळी बघते तो कुत्र्याच्या तोंडाला फेस, शेजारी पावाचा तुकडा, आणि रॅकचा एक नट अर्धा सैल केलेला. चोर येऊन बघून गेले होते. कुत्रं तिनंच ओढत नेऊन भिंतीपलीकडच्या उकिरड्यावर टाकलं. रडली नाही. रडायला सवड नव्हती, चोर परत येणार होते.

उकिरड्यावरून परतताना तिला ते सुचलं. सुचलं कसलं, ते तर तिच्या नावातच होतं. कुलपानं चोर थांबत नाही. उलट कुलूप बघूनच त्याला कळतं की चीज मोलाची आहे. काळाला आईनं कुलूप नव्हतं लावलं. आईनं चीजच कडू करून टाकली होती.

ती कामाला लागली. गॅरेजवाल्याकडून गाडीतलं जळकं काळं ऑइल मागून आणलं. रस्त्याच्या कामावर उरलेलं डांबर पडलं होतं, ते चुलीवर पातळ करून त्यात मिसळलं. वर राख. दोन्ही दांड्यांवर तिनं असा काही लेप चढवला की शिंगं एखाद्या जळक्या गाडीतून काढल्यासारखी दिसायला लागली. त्यावर गोणपाटाच्या चिंध्या गुंडाळल्या, आणि सगळ्यांत शेवटी आपली तुटकी चप्पल टांगली. लांब जाऊन बघितलं. कुणी फुकट देतो म्हटलं तरी घेऊ नये इतकी ओंगळ झाली होती. कडूबाई खूश झाली. "आता तुझं नाव बी कडू," ती शिंगांना म्हणाली.

आणि खरंच चोर आले. सकाळी उठून बघते तर शेजारच्या ट्रॅव्हल्सच्या बॅटऱ्या गायब, एका टेम्पोचं स्टेपनी टायर गायब. घरगाडीच्या मागं चिखलात पावलं उमटलेली. ती रॅकपर्यंत आली होती आणि तिथूनच वळली होती. चिंधी एक सुटली होती, खालचं डांबर बघून चोरानं बहुतेक शिवी हासडली असेल. कडूबाईनं दोन्ही हातांनी शिंगांवरून बोटं मोडली. बॅटऱ्या दुसऱ्याच्या होत्या, त्याचं तिला काही नव्हतं. तिची खोली राहिली होती.

दोन दिवसांनी शेठ गिऱ्हाईक घेऊन आला. जोडपं होतं, पुण्याचं. बाई पांढऱ्या कपड्यांत. सायकल अडकवायला तिनं हौसेनं स्वतःच हात पुढं केला आणि किंचाळली. कोपरापर्यंत काळं. पांढऱ्या कपड्यांवर काळ्या बोटांचे ठसे.

"हे काय आहे?" शेठ ओरडला.

कडूबाई लगबगीनं पुढं आली. तिला शाबासकी हवी होती, बिचारीला. "म्याच केलं, साहेब. चोर आले व्हते. बाकीच्यांचं नेलं, आपलं नाय नेलं!"

"मी तुला राखायला सांगितली होती की सडवायला?"

रॉकेलची बाटली आणि फडकं तिच्यापुढं फेकलं गेलं. ती गुडघे टेकून घासायला बसली. डांबर आत मुरलं होतं, घासेल तसा वरचा चकचकीत थरही पापुद्र्यासारखा निघायला लागला. गिऱ्हाईकाचा राग एव्हाना मावळला होता, त्याला गंमत वाटायला लागली होती. त्यानं मोबाइल काढला. "मावशी, नाव काय तुमचं?" तिनं सांगितलं. दोघं हसले. आणि कडूबाई, सवयीनं, हातातलं फडकं तसंच धरून, सूप, उकिरडा, आत्या, पसाभर कोंडा, सगळं सांगत गेली. डांबरानं काळ्या झालेल्या हातांची ओंजळ करूनही दाखवली. गिऱ्हाईकानं ते सगळं मोबाइलमध्ये घेतलं.

"म्हणजे आईनं तुला कचऱ्यात टाकली आणि तू माझी रॅक," शेठ म्हणाला. "खानदानी धंदा आहे तुमचा." यावर तिघंही खळखळून हसले.

"पन चोरानं नाय ना नेली, साहेब?" ती म्हणाली. तिच्याकडं बोलायला एवढंच होतं.

"नेली असती तर बरं झालं असतं! या खेपेला विमा उतरवला होता मी तिचा. चोरीला गेली असती तर नवी मिळाली असती. डांबर फासल्याची भरपाई कोण देतं?"

त्यानं पान्यानं नट काढले, रॅक दोन बोटांत धरून भिंतीपर्यंत नेली आणि पलीकडं उकिरड्यावर भिरकावली. "जा, बघ कोण पसाभर कोंडा देतंय. आणि दुपारी दुसरा माणूस येतोय, त्याच्या आधी खोली रिकामी कर."

कडूबाईनं ट्रंक बाहेर काढली. निघताना तिनं आत जाऊन कडी एकदा लावून बघितली, एकदा काढली. ट्रंक उचलवेना, म्हणून भिंतीपलीकडं उकिरड्याच्या कडेलाच ठेवली आणि ती शेंद्र्याला थोरल्या बहिणीकडं गेली.

मुक्ताबाईची जमीन कारखान्यांत गेली होती आणि त्या पैशांचा दुमजली बंगला उभा होता. ती ओट्यावर तूर निवडत बसली होती. कडूबाईला बघून तिनं सूप बाजूला ठेवलं नाही.

"आक्का, जिन्याखाली पडून राहीन," कडूबाई म्हणाली. "भाकरीचं माझं मी बघीन."

"सून ऐकायची नाय. आन् जिन्याखाली गाडी असती."

"आईनं कोंडा देऊन इकत घेतलेली पोर हाय मी, आक्का. तू निस्ती जागा दे."

मुक्ताबाईचा हात थांबला. आयुष्यभर ती गोष्ट ऐकून तिचे कान किटले असावेत. की सुनेच्या धाकात जगून तिलाही कुणावर तरी आग पाखडायची होती, कोण जाणे.

"आईनं?" ती म्हणाली. "आईनं काय दिलं? कोंडा आत्यानं दिला व्हता, आईला. ही पोर घरात घे म्हणून हातापाया पडली. आई म्हनली, आणखी एक पोरगी मला नगं, राहू दे तिथंच. मी तिथंच उभी व्हते, सुपाला धरून."

"आन् माझ्याआधी गेलेली दोन लेकरं?"

"कुठली दोन? तुझ्याआधी आम्ही चौघी. चौघीबी जित्या राहिलो. तू नावावरून रडायचीस म्हणून आत्यानं तुला काहीबाही सांगितलं, आन् तू धरून बसलीस." मग ती उठली, आतून दोन भाकरी आणि ठेचा आणून तिनं फडक्यात बांधला. "पोरगं यायच्या आधी निघ. उगं घरात वाद नगं."

कडूबाईनं पुरचुंडी घेतली. बसमध्ये बसल्यावर तिनं मांडीवर ओंजळ केली आणि हर्सूल येईपर्यंत त्या रिकाम्या ओंजळीकडं बघत राहिली. इतकी वर्षं ती ही ओंजळ आईची म्हणून दाखवत होती. ओंजळ आत्याची होती, आणि आत्याला मरून जमाना झाला होता.

प्लॉटच्या फाटकावर नवा माणूस खुर्ची टाकून बसला होता. खोलीचं दार उघडं होतं. ती भिंतीपलीकडं गेली. ट्रंक होती, आणि शिंगंही तिथंच पडली होती, कुत्र्याच्या फुगलेल्या अंगाशेजारी. कडूबाई ट्रंकेवर बसली. भाकरीची गाठ सोडावीशी वाटेना.

ऊन उतरायच्या सुमारास एक भंगारवाला हातगाडा ढकलत आला. त्यानं पायानं कचरा उलथापालथा केला. शिंगं दिसल्यावर वाकला, चिंध्या ओढून काढल्या, तुटकी चप्पल लांब फेकली, आणि अंगठ्याच्या नखानं डांबर खरवडलं. खालून पांढरा धातू चमकला.

"आत माल चांगला है," तो स्वतःशीच म्हणाला. मग तिच्याकडं वळला. "मावशी, तुमचं है का हे?"

"नाय," कडूबाई म्हणाली.

त्यानं शिंगं उचलून गाड्यावर ठेवली, वरून पोतं टाकून झाकली, आणि तो निघाला. कडूबाई ट्रंकेवरून त्याच्याकडं बघत होती. तुरुंगाच्या वळणावर गाडा दिसेनासा झाला, तरी ती तिथंच बसून होती.