कूलरमधल्या मासोळ्या

बाबांच्या शेवटच्या आजारपणात आमच्या घरी सगळ्यात जास्त सेवा झाली ती मासोळ्यांची.

वाशीमच्या डॉक्टरांनी बाबांचा एक्स-रे उजेडात धरून पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाले, "घरी न्या. जे मागतील ते द्या." मी त्यांना रिठदहून रिसोडला माझ्याकडे आणलं. अशा वेळी माणूस काय मागतो? शिरा, रबडी, फार तर जुना दोस्त. बाबांनी मागितलं, "मले एक डाव मांगूर धरू दे."

जन्मभर शेती केली, पण जीव सगळा गावच्या तलावात आणि मासे धरायच्या गळात! चिखलात दडून बसणारा तो मिशाळ, बुळबुळीत मांगूर मासा बाबांच्या मते निम्म्या गावापेक्षा हुशार होता.

"येत्या रविवारी जाऊ," मी म्हणालो. (हे वाक्य लक्षात ठेवा.)

"जाऊ, पन गयाले चारा ताजा पाह्यजे. लोक म्हन्तेत, मांगूर सडकं खाते. लबाड हायेत! म्हातारा मांगूर जित्ती मासोई पाहूनच तोंड उघडते."

बाजारातून बोटाएवढ्या मासोळ्या आणल्या आणि नळाच्या पाण्यात सोडल्या. सकाळी सगळ्या पांढरी पोटं वर करून तरंगत होत्या.

"नयाच्या पान्यात दवा टाकतेत ना बे!" बाबा खाटेवरून ओरडले. महिन्याभरात त्यांचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता. मला इतका आनंद झाला, की रविवार बुडाला याचं काही वाटलंच नाही.

दुसऱ्या खेपेला हापशीचं पाणी आणलं. बाबांचे नियम कडक होते. गर्दी करायची नाही, गरम हात लावायचा नाही, मेलेली तिथल्या तिथं काढायची, आणि पाणी थंड हवं, हलतं हवं. आता भर उन्हाळ्यात रिसोडात थंड आणि हलतं पाणी आणायचं कुठून? तिथं माझं डोकं चाललं. (ते असं क्वचित चालतं, म्हणून घात होतो.) बाबांच्या खिडकीतला कूलर! खाली टाकी, पंप पाणी वर चढवणार, गवतावरून ते टपटप परत खाली. मासोळ्यांना याहून भारी बंगला कुठं मिळणार? दिल्या सोडून. शिवाय अडीअडचणीला असाव्या म्हणून काही पुसून, मीठ लावून, एकेका वेळेपुरत्या पन्नीच्या पुड्या बांधून फ्रीजरात ठेवल्या.

"माया फ्रीजरात मासोया?" बायको किंचाळली.

"बाबाची इच्छा हाय."

"बाबाची इच्छा तलावावर जाची हाय. फ्रीजरात जाची नाही!"

ती बरोबर बोलत होती, म्हणून मला राग आला. खरं सांगू? मी भीत होतो. बाबांना उचलून ऑटोत घालायचं, काठावर नेऊन बसवायचं, आणि तिथंच काही झालं तर? त्यापेक्षा मासोळ्या सांभाळणं सोपं होतं. असे तीन रविवार गेले.

तेवढ्यात पंपाची जाळी निसटली. दोन मासोळ्या नळीतून वर चढल्या आणि गवतात अडकून मेल्या. आम्हाला पत्ता नाही. दुपारी आत्या रिठदहून भावाला भेटायला आली. बाबा तोंड उघडं टाकून झोपले होते, कूलर भरभरून वारा देत होता. आत्यानं नाकाला पदर लावला.

"सुदाम," ती कुजबुजली, "वास सुटला रे! माया भाऊ चालला!"

मी काही बोलायच्या आत तिनं फोन लावायला सुरुवात केली. तासाभरात दोन जीपा भरून रिठद दारात! कोणी तुळस आणली, कोणी गंगाजल. एका चुलत्यानं तर टपावर बांबूच बांधून आणले! (काटकसरी माणूस. दुसरी खेप कशाला?) आत्यानं गंगाजल तोंडात सोडलं. बाबांना ठसका लागला, डोळे उघडले. भोवती सारा गोतावळा रडतोय. बाबांनी शांतपणे हुंगून पाहिलं.

"सुदाम्या, कूलरात मासोई मेली बे. काढ तिले, नाही तं बाकीच्या मरतीन!"

रडता रडता लोक हसायला लागले. बाबाही हसले, खोकला येईपर्यंत. मग म्हणाले, "जीपा आल्याच हायेत तं चाला ना तलावावर."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. उचलायला वीस हात होते, गाडी दारात होती, आणि टाकीत बाकीच्या मासोळ्या मजेत पोहत होत्या. मी म्हणालो, "चारा खराब झाला, बाबा. रविवारी ताजा आनतो. पक्कं!"

बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. "बरं," एवढंच म्हणाले.

गुरुवारी सकाळी चहा घेऊन गेलो, तर बाबा गेले होते. मी आत्याला फोन केला.

"आत्या, बाबा गेले."

"आधी कूलर पाय, बापू."

"आत्या, खरंच गेले वं."

"मांगच्या डावी मी बी खरंच रडली होती. कूलर पाय!"

आणि मी पाहिला! बापाचा देह खाटेवर, आणि मी टाकीत डोकं घालून. एकूण एक मासोळी जिवंत होती. मग मात्र मला रडू आवरेना, आणि ते फोनवर ऐकून आत्यानं हंबरडा फोडला. माणसं दुपारपर्यंत जमली. काटकसरी चुलत्याचे बांबू यायला सगळ्यात उशीर झाला, कारण ते त्यानं मधल्या दिवसांत गोठ्याला लावून टाकले होते. आलेला प्रत्येक जण आधी कूलरपाशी जाऊन हुंगत होता, खात्री करत होता आणि मग रडत होता.

तेरवी झाली. फ्रीजरातल्या पुड्या अजून तशाच आहेत. बायकोही आता त्यांच्यावरून काही बोलत नाही. परवा एक उघडून पाहिली. ना वास, ना काही! चारा ताजा ठेवण्यात अख्ख्या जिल्ह्यात माझा हात धरणारा कोणी नाही. बाबांचा गळही घासूनपुसून ठेवलाय. त्यांच्या नावानं एक मांगूर धरायचाच, असं मी ठरवलंय.

येत्या रविवारी जाणार आहे. पक्कं!