ऑल्ट, मग खाली सात

आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मीच. हे मी कुठंही, कुणालाही सांगते. त्यात लाजायचं काय? बिदरकडच्या चिटगुप्प्यात बॅनरच्या दुकानात कामाला लागले तेव्हाही पहिल्याच दिवशी सांगितलं. मालक म्हणाले, "बरं झालं." आणि फोनवरून मजकूर उतरवून घ्यायला मला बाकावर बसवलं.

दुकानात कॉम्प्युटर एक, खुर्ची एक, आणि त्या खुर्चीत अण्णा. औरादकडचे, माझ्या वडलांहून थोडे लहान. मला ती खुर्ची पाहिजे होती. बिदरला क्लास लावून मी डिझाइनचं सॉफ्टवेअर शिकले होते ते काय मजकूर उतरवायला? एक फोन झाला की मी उठायची, अण्णांच्या मागं जाऊन उभी राहायची, परत बाकावर यायची, परत उठायची.

"कामून फिरायलीस गं अक्का? खाली काटे हायत का?" अण्णा मान न वळवता विचारायचे.

अण्णा माऊसला हात लावत नसत. ऑल्ट दाबून मेनू उघडायचा, बाणाचं बटन टकटकटक, एंटर. मी मेनूतला शब्द वाचेपर्यंत मेनू मिटलेला असायचा. मी पदवीधर, आणि माझे डोळे त्यांच्या बोटांमागं धावायचे. फार झोंबायचं मला ते.

एकदा नीट कान दिला. अण्णा त्यांच्या घरच्या तेलुगूत पुटपुटत होते, "ओकटी, रेंडू, मूडू..." ते मेनू वाचतच नव्हते. ओळी मोजत होते. कन्नड आणि मराठी सुरेख लिहायचे, उर्दू अक्षर लावून लावून वाचायचे, पण इंग्रजीशी त्यांचा संबंध कीबोर्डावरच्या सुट्या अक्षरांपुरता. बॅनरवरच्या अक्षरांचं चित्र करायचं तर ऑल्ट, ए, खाली सात. हे चित्र करणं चुकवून चालायचं नाही. छपाई बिदरला व्हायची, आणि तिथल्या मशीनवर आमचे फाँट नव्हते. तसंच पाठवलं तर कन्नडच्या जागी नुसते चौकोन छापून यायचे.

हे मी कुणाला बोलले नाही. पण धरून ठेवलं मनात.

मग मालकांनी नवा कॉम्प्युटर आणला, सॉफ्टवेअरही नवं. अण्णांनी हट्टानं कीबोर्ड मात्र जुनाच लावून घेतला, क्यूचं बटन मेलेला. त्याच सकाळी जनवाड्याचा एक माणूस कुस्त्यांचा बॅनर करायला आला. वर कन्नड, खाली मराठी, मधे दोन पैलवान. आमच्याकडच्या फायली पेनड्राइव्हवर घालून बिदरच्या बसच्या कंडक्टरकडे द्यायची पद्धत. बस यायला पंधरा मिनिटं होती.

अण्णांनी मेनू उघडला. खाली सात, एंटर. कन्नडची ओळ मराठीच्या ओळीवर जाऊन बसली. त्यांनी ते उलटं फिरवलं, परत सात मोजले. परत तेच. नव्या मेनूत वरच्या बाजूला दोन ओळी वाढल्या होत्या. मला मागून लख्ख दिसत होतं.

"काय करायलास रे? बस निघंल की," मालक म्हणाले.

"मशीन नवं हाय, मालक."

"मशीन नवं, का तू जुना?" मालकांनी विचारलं तसा जनवाड्याचा माणूस हसला. मालक माझ्याकडे वळले. "ए बाई, तू बस. शिकलेली हाईस की."

अण्णा उठले. मी बसले. माऊस धरला, मेनू वाचला, नववी ओळ दाबली. झालं.

"उद्यापासून हीच बसंल," मालक म्हणाले. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? झालाच. अण्णा चहाला म्हणून गेले ते तासभर आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी लवकर पोचले तर अण्णांनी दुकान उघडलेलं. हातात कॅलेंडरचं फाडलेलं पान, कोरी बाजू वर.

"अक्का, मालक यायच्या आत एवढं कर. मेनू उघड आन वरून खाली वाच. कोणतं काम कितव्या ओळीला, तेवढंच."

वाचलं तर खुर्ची जाणार, हे मला कळत होतं. त्या बोटांना मी गाठणं शक्य नव्हतं. पण तोंडावर नाही म्हणवेना. मी वाचायला लागले. ते कन्नडमधे लिहून घ्यायला लागले. तिसऱ्या मेनूला माझा पाय खुर्चीखाली हलायला लागला. पाचवी ओळ वाचली आणि सहावी सोडून सातवी वाचली. मुद्दाम. एक ओळ चुकली की खालचं सगळं चुकणार.

अण्णांनी लिहिलं नाही. "सहावी राहिली," ते म्हणाले.

"तुम्हाला वाचता येतंय?"

"न्हाई. ओळी तर दिसायलेत की."

माझे कान तापले. ओळ कशामुळं सुटली, हे त्यांनी विचारलं नाही. पेन कागदाला टेकवून नुसते थांबले. मी सहावी वाचली. मग सातवी परत. सगळे मेनू संपेपर्यंत वाचत राहिले, आणि त्यांनी विचारलं तिथं अर्थही सांगितला.

मालक आले तेव्हा अण्णा खुर्चीत होते.

"हे काय? तू न्हाई बसलीस?"

"अण्णा बसतील. त्यांचा हात माझ्याहून जलद चालतो," मी म्हणाले.

"तुझं तू बघ," म्हणून मालक आत गेले.

अण्णांनी कागद मांडीवर ठेवला, ऑल्ट दाबलं आणि हळू, नवशिक्यासारखं, नऊपर्यंत मोजलं. दुसऱ्यांदा थोडं जलद. तिसऱ्यांदा मला शब्द वाचता आला नाही. फोन वाजला. बाकावर बसवेना, म्हणून मी उभ्यानंच मजकूर उतरवून घेतला.