भेगा पडू दे, माय

आमच्या मायला भेग बघवत नाही. गावी असताना भुईला, चुलीला, भिंतीला कुठे रेघ दिसली की तिचा ओला हात तिथे पोचलाच म्हणून समजा. वडिलांच्या आणि माझ्या टाचांमध्ये ती मेण वितळवून भरायची. दुष्काळात मेंढरं विकून आम्ही शहरात, गारखेड्यातल्या पत्र्याच्या दोन खोल्यांत आलो, तेव्हा तिथली फरशी बघून ती हिरमुसलीच. सारवायला काही ठेवलंच नाही मेल्यांनी, म्हणाली.

आणि अशा बाईच्या पोटी जन्मून मी विद्यापीठात संशोधनाला विषय घेतला तो भेगांचा.

काम समजायला सोपं आहे. पारदर्शक प्लास्टिकच्या कागदावर पांढरी खळ पसरायची. उन्हाळ्यात हर्सूलच्या तलावाचा गाळ तडकतो, तशी ती वाळताना तडकते. त्या भेगांमध्ये यंत्राने चांदी बसवायची आणि खळ धुऊन टाकायची. मागे केसाहून बारीक तारांचं जाळं उरतं. ते डोळ्यांना दिसत नाही, पण त्यातून वीज जाते. कागद वाकवला तरी जाते, कारण एक वाट तुटली तर शेजारची असतेच. मोबाइलचे घडी पडणारे पडदे पुढे अशाच कागदांवर होतील, असं आम्ही तेव्हा मोठ्या तोऱ्यात बोलायचो.

त्या उन्हाळ्यात प्रयोगशाळेत दिवसभर कूलर चालायचा आणि दमट हवेत खळ नीट तडकेना. बाहेरचे परीक्षक दुसऱ्या दिवशी येणार होते. त्यांना चालता नमुना दाखवता आला नाही, तर माझं काम आणखी वर्षभर लांबणार होतं, आणि माझ्या लग्नासाठी मामामंडळी टपलेलीच होती. शेवटी मी कागद घरी आणले. आमच्या पत्र्याखालच्या भट्टीसारखी कोरडी हवा विद्यापीठाला कुठून मिळणार? कागद परातीत मांडले, वर मलमलीचा फडका घातला, आणि तेवढ्यात टँकर आला. समोर नव्या इमारती उठत होत्या आणि टँकर आधी तिकडे वळायचे. आमच्या गल्लीत आला की हातातलं टाकून पळावं लागे.

दोन हंडे घेऊन परत आले, तर माय परातीपुढे बसलेली. सगळ्या कागदांवर तिच्या बोटांचे अर्धगोल उमटले होते, सारवणाचे, एकासारखे एक.

"लई उललं व्हतं बाई," ती समाधानाने म्हणाली. "तांब्यातलं प्यायचं पाणी घेतलं अन् सारखं केलं."

"मला भेगाच पाहिजे होत्या, माय!" माझा आवाज तीन घरं पलीकडे गेला असणार.

"भेगा कुणाला पाहिजे असत्यात?" तिला खरंच कळेना.

मी रडायलाच बसले. तिने थोडा वेळ रडू दिलं. मग म्हणाली, "मंग आता काय करायचं, ते सांग."

एक कागद धुऊन घेतला. बाटलीच्या तळाशी उरलेली खळ त्याला कशीबशी पुरली. दुपारनंतर विद्यापीठातलं चांदी बसवायचं यंत्र मला मिळणार होतं, त्याआधी हा तडकला तरच निभावणार होतं. "आता हात लावायचा नाही," मी तिला बजावलं. "भेगा पडू दे, माय. तू नुसतं बघ." आणि उरलेले हंडे भरायला पळाले. रांगेत माझा जीव त्या परातीत होता.

परत येऊन बघते तर ती तशीच बसलेली, दोन्ही हात पदरात गुंडाळून मांड्यांखाली दाबलेले. कागदावर पहिली बारीक रेघ उमटली होती आणि तिला फाटे फुटत होते.

"उलायला लागलं बघ," ती म्हणाली. घरात कुणाचा ताप वाढल्यावर बोलायची, तसा आवाज.

नवी रेघ उमटली की तिचा खांदा हलायचा. पण हात बाहेर आला नाही. कागदभर जाळं होईपर्यंत ती तशीच बसून राहिली. मला शिकवणारे पुष्कळ भेटले आणि त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण माझ्यासाठी इतकं अवघड काम दुसऱ्या कुणी केल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी तो कागद बोटाभोवती गुंडाळला, तरी त्याला जोडलेला लहानसा दिवा जळत राहिला. संध्याकाळी मी कागद मायच्या हातात दिला आणि त्यातून वीज जाऊन दिवा कसा जळला ते सांगितलं. तिने तो खिडकीकडे धरून उलटसुलट पाहिला.

"काय बी दिसत नाय की."

"तेच तर काम आहे."

येताना मी शहागंजातून टाचांचं मलम आणलं होतं. तिचा पाय मांडीवर घेतला. सगळ्यांच्या भेगा भरणाऱ्या त्या बाईच्या टाचा अशा उललेल्या, की मलमाचं बोट आत रुतलं. माझे डोळे भरून आले. ते तिला दिसलं असावं, कारण तिने पाय झटकन ओढून घेतला.

"थांब," ती म्हणाली. "आधी बघ, ह्यातनं बी वीज जाती का."