चौथी शर्यत

मंठ्याच्या एका शाळेत अण्णासाहेब सर खेळ शिकवायचे. गळ्यात शिट्टी, आवाज शिवारापलीकडं जाणारा. सरांच्या हाताखाली पोर गेलं की पदक ठरलेलं, अशी तालुक्यात ख्याती होती. ती पसरवली सरांनीच, पण अगदीच खोटी नव्हती. स्वतःच्या लेकीला, प्रीतीला, सातव्या वर्षापासून ते रोज पळवत. लेझीम बंद, खो-खो बंद, सुट्टीत मामाच्या गावाला जाणं बंद. एक ना धड भाराभर चिंध्या नकोत, म्हणायचे.

तेराव्या वर्षी प्रीती जिल्ह्यात पहिली आली. चौदाव्या वर्षी तालुक्याच्या स्पर्धेत सरांनी तिला एकाच दिवशी चार शर्यतींत उतरवलं. शाळेला विजेतेपदाची ढाल हवी होती. तिसरी शर्यत संपल्यावर ती म्हणाली, "पप्पा, गुडघा लई दुखून राह्यला." सरांनी गुडघ्यावर स्प्रे मारला आणि तिला पुन्हा रेषेवर उभं केलं. ढाल आली, गुडघा गेला. पोरगी घरी जिन्यावरून पडली, असं सर लोकांना सांगत राहिले. प्रीतीनं ते कधी खोडलं नाही, पण मैदानात पुन्हा पाऊल टाकलं नाही.

तिच्याच वर्गात मेंढपाळ गोरक्षनाथची छकुली होती. आज कबड्डी, उद्या लेझीम, मधेच महिनाभर मेंढ्यांमागं गायब. सरांनी तिला कधी हिशेबातच धरलं नाही. सतराव्या वर्षी तिला जालन्यात चांगल्या शिकवणाऱ्या बाई भेटल्या, आणि विसाव्या वर्षी तिनं धावण्यात देशपातळीवर सुवर्णपदक मारलं.

गावानं सत्कार ठेवला, छकुलीचा आणि तिच्या गुरूचा. गुरू म्हणजे गावाच्या लेखी अर्थातच सर. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून सर मुकाट्यानं सत्काराची शाल खांद्यावर घेऊन बसले.

यशाचं रहस्य विचारल्यावर छकुली हसून म्हणाली, "सरांनी मला कधी पळवलंच न्हाई. मंग मला आपलं पळू वाटायचं." तिच्या मनात काही नव्हतं. सरांचे कान मात्र तापले. त्यात निवेदक म्हणाला, "सरांची लेक जिन्यावरून पडली नसती, तर आज दोन सुवर्णकन्या असत्या." तिसऱ्या रांगेत प्रीतीनं मान खाली घातली. लाज खरी सरांची, आणि सहा वर्षं पोरगीच ती वाहत होती. हे सरांना त्या खुर्चीत बसून कळलं.

त्यांनी माईक घेतला. "प्रीती जिन्यावरून पडली न्हाई. गुडघा दुखत असताना मी पळवली तिला, ढालीपायी. आन् छकुलीला मी काहीच शिकवलं न्हाई. ही शाल माझी न्हाई."

मंडपातून कुणीतरी म्हणालं, "केवढं मोठं मन!" टाळ्या पडल्या, थांबेचनात. सरपंचांनी शाल सरांच्या खांद्यावर पुन्हा नीट बसवली. कबुलीचंही लोकांनी पदक करून टाकलं होतं.

मंडपाबाहेर प्रीती मोटारसायकलपाशी उभी होती.

"ऐकलंस ना?" सरांनी विचारलं. आवाजात थोडी आशा होती, आणि त्या आशेचीच त्यांना लगेच लाज वाटली.

"ऐकलं," ती म्हणाली. "सहा वर्षं एका घरात जेवून राह्यलो आपण, पप्पा. आज साऱ्या गावाला सांगितलंत. मला सांगायचं राह्यलंच."