जिभेला लावलेलं वळण

गुळाचा तो खडा अजून टाळूला जाणवतो... जिभेचं टोक मागे वळवून वर न्यायचं, टाळूला चिकटवलेला तो काळसर गोडवा हलकेच खरवडायचा आणि जीभ खाली सोडता सोडता म्हणायचं — ‘ळ’! सावद्याच्या आमच्या शाळेत नव्याने आलेल्या गुरुजींनी आम्हाला असा ‘ळ’ शिकवला, कारण आमच्या अख्ख्या आळीच्या जिभेला तो ठाऊकच नव्हता. केळीला आम्ही केयी म्हणायचो, डोळ्याला डोया. आणि नावाची कमळा असलेली मी घरीदारी सगळ्यांची कमया होते.

नऊ वर्षांच्या मला तीन दिवसांत ‘ळ’ साधला आणि शिंगंच फुटली की हो! घरी येऊन मी आईचीच शाळा घेऊ लागले. मळ्यातून येऊन, केळीच्या चिकाने काळे पडलेले हात धुऊन ती चुलीपुढे बसली, की ओल्या लाकडांच्या धुरात मी तिच्या टाळूला गूळ लावायचे. ती हसत हसत जीभ वळवायची, आणि शेवटी गूळ गिळून म्हणायची, “जाऊ दे व माय, माही जीभ जाड हाये.”

एका दुपारी गुरुजी घरी आले. वडिलांनी — आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो — त्यांना ओट्यावर बसवलं. पितळी ताटात पिकली केळी घेऊन आई बाहेर आली. “केयी घ्या, गुर्जी.”

“केयी नाही गं, केळी!” मी ओरडले. “जीभ वर लाव ना!”

गुरुजी हसले; भाऊ तर मांडीवर थाप मारून हसले. आई ताट ठेवून आत गेली. आणि मी अतिशहाणी कार्टी, मला वाटलं, काय गड जिंकला!

पुढची चाळीस वर्षं मी आईशी बोलत होते, असा माझा समज होता. गेल्या महिन्यात माझी लेक अनघा, जी भाषाशास्त्र शिकते, सावद्याला जाऊन आजीची बोली मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून आली. पुण्याच्या स्वयंपाकघरात मेथी निवडता निवडता मी ऐकत होते. आई अगदी मोकळी बोलत होती — “माही कमया सकायी उठे, डोये चोयत शायेत जाये...”

अगं बाई! कमया! हे नाव तिच्या तोंडून मी शेवटचं ऐकलं कधी? मला ती ‘पोरी’ म्हणते. ‘सकाळी ये’ असं कधीच म्हणत नाही, ‘उजाडल्यावर ये’ म्हणते. केळीचंही नाव घेत नाही — ‘घड उतरवले’ म्हणते.

“आजी, माझ्या आईशी तू अशी का नाही बोलत?” अनघाने विचारलं होतं. आई म्हणाली, “तिच्यासमोर असा शबुद आला की जीभ आखडते व. चुकलं तं पोरगी हासीन.”

मी हबकलेच. चाळीस वर्षं! माझ्याशी बोलताना आई एकेक शब्द पारखून ‘ळ’ टाळत होती, आणि मी जगाला सांगत फिरत होते की आमची आई मितभाषी आहे... स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी सावदा गाठलं. आई ओट्यावर लसूण सोलत होती. तिच्या पायाशी बसून म्हटलं, “आई, मला नावाने हाक मार ना.”

तिने लसूण खाली ठेवला. पदराने ओठ पुसले. दात नसलेल्या तोंडात जीभ मागे वळवत, वर, अजून वर नेत, कपाळाच्या शिरा ताणून ती म्हणाली, “कम...ळा.”

आणि घाबऱ्या नजरेने माझ्याकडे बघत तिने विचारलं, “बरोबर आलं का व, पोरी?”